राव्हेन्ना कसं बघायचं: दोन रात्री राहा आणि मान वर ठेवा

इटलीचा प्लॅन करताना रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस सगळेच टाकतात आणि टाकावंच, पण बोलोन्यापासून ट्रेनने साधारण सव्वा तासावर, एड्रियाटिक समुद्राच्या अलीकडे राव्हेन्ना म्हणून गाव आहे, तिथे आपले लोक फार कमी जातात आणि जे जातात ते सकाळी येऊन संध्याकाळी परत फिरतात. मीही पहिल्यांदा तसंच केलं. अकराला उतरले, तिकीट खिडकीवर कळलं की गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीत शिरायचा स्लॉट दुपारचाच शिल्लक आहे, मग त्या वेळेच्या मागेपुढे धावतपळत बाकीचं उरकलं, शेजारचं क्लास्से हे जुन्या बंदराचं गाव राहूनच गेलं आणि परतीच्या ट्रेनमध्ये बसल्यावर इतकी हळहळ वाटली की पुढच्या वेळी आईला घेऊन दोन रात्री राहायलाच गेले. हे सगळं त्या दुसऱ्या वेळच्या अनुभवावरून लिहितेय. एका दिवसात राव्हेन्ना "होतं", पण दिसत नाही, कारण इथे बघायचं ते सगळं आत आहे. बाहेरून साध्या विटांच्या भिंती, काही इमारतींकडे तर गोदाम समजून कोणी बघणारही नाही, आणि दार ओलांडलं की भिंतींवर आणि छतांवर मोझेकची चित्रं, दीड हजार वर्षांपूर्वीचं सोनं आणि निळाई.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर सगळी चर्चेस सारखीच वाटायला लागतात. 402 साली रोमन सम्राट होनोरियसने पश्चिम साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे हलवली. चहूबाजूंनी दलदल, त्यामुळे शत्रूला घुसणं अवघड, आणि शेजारी क्लास्सेचं बंदर, जिथे ऑगस्टसच्या काळापासून आरमार असायचं, म्हणजे वेळ आली तर समुद्रावरून निसटताही येतं. 476 मध्ये ओडोआकर नावाच्या सेनापतीने शेवटच्या सम्राटाला गादीवरून उतरवलं तेही इथेच, मग 493 मध्ये गॉथ या जर्मन टोळीच्या राजाने, थिओडोरिकने, ओडोआकरला संपवून राज्य घेतलं, आणि 540 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्वेकडच्या बायझंटाइन साम्राज्याच्या, सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने गाव जिंकलं. रोमन, गॉथ, बायझंटाइन, हे तीन थर लक्षात ठेवा, बास. थिओडोरिक आणि त्याचे गॉथ येशूला देवाच्या बरोबरीचा न मानणाऱ्या एरियन पंथाचे ख्रिश्चन होते, गावातले जुने लोक कॅथलिक, त्यामुळे एकाच गावात दोन पंथांची दोन बाप्तिस्माघरं आहेत, आणि दोन्ही आजही उभी आहेत. अशा एकूण आठ वास्तू मिळून 1996 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या.

जायचं कधी? एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये भयंकर उकडतं आणि 15 ऑगस्टच्या आसपास सगळा इटली समुद्रावर लोटतो, हॉटेलं महाग होतात आणि गावातली निम्मी दुकानं बंद. हिवाळ्यात गर्दी नसते पण वास्तू लवकर बंद होतात आणि त्या सपाट मुलखात धुकं दाटतं, तीन-चार दिवस ऊनच दिसत नाही असंही होतं.

पोचायचं तर ट्रेननेच. बोलोन्याहून थेट रीजनल ट्रेन आहेत, फेर्रारा आणि रिमिनीहूनही आहेत, व्हेनिसहून येत असाल तर फेर्रारा किंवा बोलोन्याला गाडी बदलायची. रीजनल तिकिटाला सीट नंबर नसतो आणि भाडं आधी काढलं काय आणि आयत्या वेळी काढलं काय तेवढंच, त्यामुळे त्यासाठी महिनाभर आधी जीव टांगून बसू नका. फक्त कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी प्लॅटफॉर्मजवळच्या मशीनमध्ये छाप मारून घ्यायचा, आणि मोबाइलवरचं असेल तर प्रवास सुरू होण्याआधी त्यात चेक-इन करायचं. हे राहिलं तर तिकीट असूनही दंड होतो आणि टीसी पर्यटक म्हणून सोडत नाहीत. गाडी भाड्याने घेऊन येणार असाल तर जुन्या गावाच्या तोंडाशी झेड-टी-एल (ZTL) असा बोर्ड दिसेल, त्याच्या आत परवान्याशिवाय शिरायचं नाही, कॅमेरे आहेत, दंडाची नोटीस घरी परतल्यावर कित्येक महिन्यांनी येते. गाडी बाहेर पार्क करा आणि चालत आत जा. गाव अगदी सपाट आहे, स्टेशनपासून मुख्य चौक पियाझ्झा देल पोपोलो दहा-बारा मिनिटांवर, माझी आई गुडघेदुखी असून सगळं गाव पायी फिरली. सायकलवरून भाजी नेणाऱ्या आजीबाई जागोजागी दिसतात, त्यांना वाट द्या.

राहायचं जुन्या गावातच. समुद्रावरची हॉटेलं फोटोत छान दिसतात पण ती आठ-दहा किलोमीटर लांब आहेत आणि सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा गावात असणं हाच तर इथे राहण्याचा फायदा. हॉटेलच्या भाड्यावर माणशी रात्रीमागे थोडा पर्यटक कर वेगळा द्यावा लागतो, तो बऱ्याचदा चेक-आउटला रोख मागतात, सुटे युरो जवळ ठेवा.

आता तिकिटं, हा भाग नीट वाचा. सान व्हिताले चर्च, गाल्ला प्लाचिदियाची समाधी, सांतापोल्लिनारे नुओव्हो चर्च, नेओनियानो म्हणजे कॅथलिकांचं बाप्तिस्माघर आणि आर्चबिशपचं म्युझियम या पाच ठिकाणांचं मिळून एकच एकत्र तिकीट असतं, ते एकदा काढलं की वेगवेगळ्या दिवशी वापरता येतं पण प्रत्येक ठिकाणी प्रवेश एकदाच. गाल्ला प्लाचिदिया आणि नेओनियानो या दोन जागा इतक्या लहान आहेत की तिथे वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो, तो ऑनलाइन आधीच घ्या. एरियन बाप्तिस्माघर, थिओडोरिकची समाधी आणि क्लास्सेचं बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च यांची तिकिटं वेगळी, एकत्र तिकिटात ती धरू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, उन्हाळ्यात एक ओढणी बॅगेत असू द्या. फ्लॅश चालत नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते, छोटी दुर्बीण न्या. क्रिकेट बघायला नेतात तसली साधी चालेल. ही मोझेकची चित्रं बरीच उंचावर आहेत आणि खरी मजा त्यांच्या तुकड्यांत आहे.

तुकडे म्हणजे काय ते समजून घ्या, मग बघण्यात फरक पडतो. ही रंगवलेली चित्रं नाहीत, रंगीत काचेचे आणि दगडाचे नखाएवढे तुकडे ओल्या चुन्यात एकेक करून बसवलेत, यालाच मोझेक म्हणतात. सोनेरी तुकडा म्हणजे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख. आणि ते सगळे एका पातळीत बसवलेले नाहीत, मुद्दाम थोडे तिरके, कोणी इकडे झुकलेला कोणी तिकडे, त्यामुळे तुम्ही एक पाऊल सरकलात की चमक एका जागेवरून दुसरीकडे सरकते. म्हणून एका जागी उभं राहून फोटो काढून निघायचं नाही. चालायचं, थांबायचं, मागे यायचं. मोबाइलमध्ये हे येतच नाही, मी शेकड्याने फोटो काढून बघितले.

पहिल्या दिवशी सकाळी उघडायच्या वेळी सान व्हितालेला जा, गाल्ला प्लाचिदिया त्याच आवारात आहे. माझं मत विचाराल तर गाल्ला आधी आणि सान व्हिताले नंतर, कारण गाल्ला लहान आणि अंधारी आहे, तिथे डोळे तयार होतात. गर्दीच्या दिवसांत आत साधारण पाचच मिनिटं देतात, त्यातलं पहिलं मिनिट काहीही न बघता नुसतं उभं राहा. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर दगडाचे पातळ पत्रे आहेत, त्यातून मधासारखा उजेड येतो, आणि हळूहळू वरचं निळं छत उमलायला लागतं, गडद निळ्यावर सोनेरी चांदण्यांची वर्तुळं आणि मधोमध क्रूस. मग दाराच्या वर बघा, मेंढपाळ ख्रिस्त बसलाय, दाढी नाही, तरुण, एका मेंढीच्या नाकाला हात लावतोय. आई तिथे खूप वेळ काही बोलली नाही, बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, देवाचा हात किती सहज गेलाय." गाल्ला ही सम्राटाची मुलगी, सम्राटाची बहीण आणि सम्राटाची आई, पण 450 मध्ये ती वारली रोममध्ये, त्यामुळे समाधी म्हणत असले तरी ती इथे पुरलेली नसावी असंच अभ्यासक मानतात.

सान व्हिताले 547 साली पवित्र झालं, आठ कोनी आहे, आणि बांधायला सुरुवात झाली तेव्हा राज्य गॉथांचं होतं, पूर्ण झालं तेव्हा बायझंटाइनांचं. खर्च युलियानुस अर्जेंतारियुस नावाच्या धनिकाने केला, 26,000 सोन्याची नाणी. आत गेल्यावर सगळे घुमटाकडे बघतात, तो नंतर अठराव्या शतकात रंगवलेला आहे, तिथे वेळ घालवू नका, सरळ वेदीकडे जा. डावीकडे सम्राट जस्टिनियन, उजवीकडे त्याची राणी थिओडोरा, समोरासमोर. जस्टिनियन राव्हेन्नाला कधी आलाच नाही, तरी दीड हजार वर्षं इथे उभा आहे. त्याच्या बाजूला टक्कल असलेला माणूस दिसेल, तो बिशप मॅक्सिमियन, आणि त्या सगळ्या घोळक्यात फक्त त्याच्याच डोक्यावर नाव लिहिलंय, सम्राटाच्या नाही! आता दुर्बीण काढा आणि थिओडोराच्या झग्याच्या खालच्या काठावर लावा. जांभळ्या काठावर सोन्यात तीन छोटी माणसं आहेत, हातात भेटी घेऊन पुढे वाकलेली, ते येशूला भेटायला आलेले तीन ज्ञानी. राणी स्वतः सोन्याचं पात्र अर्पण करायला निघालीय आणि तिच्या वस्त्राच्या काठावरही अर्पण करणारेच. वितभर जागेत एवढं सगळं, आणि बहुतेक लोक ते न बघताच बाहेर पडतात. निघताना खाली फरशीवरचं चक्रव्यूहासारखं डिझाइन पण बघून घ्या.

इथून निघून दुपारी जेवायच्या आधी जवळच संत युफेमियाच्या चर्चखाली "दगडी गालिच्यांचं घर" आहे ते बघा. 1993 मध्ये पार्किंग करायला खणताना सापडलं, बायझंटाइन काळच्या एका मोठ्या घराच्या मोझेक फरश्या, रस्त्याच्या तीनेक मीटर खाली. छतावरचं बघून मान दुखायला लागलेली असते तेव्हा खाली बघणं बरं वाटतं.

जेवणाचं सांगते, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी, कारण इथे फसायला होतं. रोमान्या भागाची खासियत म्हणजे पियादिना, तव्यावर भाजलेली जाड पोळीच, आत स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ, ओघळणारं ताजं चीझ आणि रुकोला नावाचा पाला. दिसायला पूर्ण शाकाहारी, पण पारंपरिक पियादिनाच्या पिठात डुकराची चरबी असते, तिला स्त्रुत्तो म्हणतात. ऑर्डर देण्याआधी विचारायचं "सेन्झा स्त्रुत्तो?" आणि बऱ्याच ठिकाणी तेलाची पियादिना असते, "कोन ओलिओ" म्हटलं की देतात, कोणी तोंड वाकडं करत नाही. पालेभाजी भरून कडा दाबलेली असते तिला कशोने म्हणतात, ती मला जास्त आवडली. काप्पेल्लेत्ती या छोट्या भरलेल्या पास्त्यात इथे सहसा चीझ असतं पण ते मांसाच्या रश्श्यात येतात, जाड शेवयांसारख्या पास्सातेल्लीही तशाच, त्यामुळे "इन ब्रोदो" म्हणजे रश्श्यात असं दिसलं की थांबा आणि लोणी आणि सेजच्या पानांत मिळेल का विचारा. पार्मिजानो चीझमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवायचं विरजण, असतं, कडक पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दुपारी अडीचनंतर बहुतेक किचन बंद होतात ते रात्री साडेसातलाच उघडतात, त्यामुळे तीन वाजता भूक लागली तर पियादिनाची टपरीच आधार. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी रक्कम दिसेल, ती टेबलाची, फसवणूक नाही.

दुपारी सांतापोल्लिनारे नुओव्हो. हे थिओडोरिकच्या राजवाड्याचं चर्च. डाव्या भिंतीवर क्लास्सेचं बंदर आणि तिथून निघालेली कुमारिकांची रांग, पुढे ते तीन ज्ञानी लाल टोप्या घालून, उजव्या भिंतीवर राजवाडा आणि तिथून निघालेले हुतात्मे. मला सगळ्या राव्हेन्नात सर्वांत आवडती गोष्ट उजव्या भिंतीवर आहे. राजवाड्याच्या कमानींत आता नुसते पांढरे पडदे दिसतात, पण आधी तिथे माणसं होती, बहुतेक थिओडोरिकचा दरबार. गॉथ गेल्यावर साधारण 561 च्या सुमारास चर्च कॅथलिकांकडे आलं आणि ती माणसं उखडून त्या जागी पडदे बसवले. पण खांबांकडे नीट बघा, खांबावर हात राहिलेत. नुसता पंजा आणि मनगटापर्यंतचा हात, पुढे शरीर नाही. कारागिराने खांब मोडायला नको म्हणून सोडले असतील. मी तिथे बाकावर अर्धा तास बसले होते.

नेओनियानो बाप्तिस्माघराला स्लॉटच्या पाच मिनिटं आधी पोचा. राव्हेन्नाची जमीन शतकानुशतकं खचतेय, त्यामुळे इथली फरशी वेळोवेळी उचलत गेले आणि आज आपण उभे राहतो ती मूळ फरशीच्या जवळजवळ तीन मीटर वर आहे, म्हणून घुमट इतका जवळ वाटतो. वर येशूचा बाप्तिस्मा आणि पाण्यातून कमरेपर्यंत वर आलेला म्हातारा, तो म्हणजे जॉर्डन नदी. नंतर एरियन बाप्तिस्माघरात जाऊन तेच चित्र बघा आणि काय बदललं ते शोधा, मुलं बरोबर असतील तर हा खेळ त्यांना फार आवडतो.

संध्याकाळी दान्तेकडे. फ्लॉरेन्सने हाकललेला हा कवी शेवटी इथे आसऱ्याला होता आणि सप्टेंबर 1321 मध्ये इथेच तापाने गेला. थडगं छोटं आहे, 1780 च्या सुमाराचं, आत जायला पैसे नाहीत, वर एक दिवा सतत जळतो आणि त्याचं तेल दरवर्षी सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सहून येतं. फ्लॉरेन्सने अस्थी परत मागितल्या, 1519 मध्ये पोपने परवानगी पण दिली, पण माणसं येऊन बघतात तर थडगं रिकामं, कारण शेजारच्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंत फोडून अस्थी आधीच हलवल्या होत्या. त्या सापडल्या थेट 1865 मध्ये, एका लाकडी पेटीत, दुरुस्तीचं काम चालू असताना. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने पुन्हा बाहेर पुरल्या, ती वेल चढलेली मातीची टेकडी थडग्याच्या बाजूलाच आहे, पाटी वाचा. दान्तेचे अंत्यविधी झाले ते सान फ्रांचेस्को चर्च दोन पावलांवर. तिथे वेदीखाली वाकून बघायची एक खिडकी आहे, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि खाली तळघरात पाणी दिसतं, जमिनीतून आलेलं, त्याच्या तळाशी मोझेक आणि वर लाल मासे पोहतायत. सुटी नाणी असू द्या, आईने तीनदा दिवा लावला.

दुसरा दिवस क्लास्सेसाठी. ट्रेनने पुढचंच स्टेशन, चार नंबरची बसही जाते, सायकलवरही सोपं. सांतापोल्लिनारे इन क्लास्से 549 मध्ये पवित्र झालं, तेव्हा ते बंदराच्या गावात होतं, आज आजूबाजूला शेतं, कारण नद्यांच्या गाळाने समुद्र कित्येक किलोमीटर मागे सरलाय. आत दोन बाजूंना मिळून चोवीस संगमरवरी खांब, त्यांच्यावर लाकडाच्या रेषांसारख्या रेषा, आणि समोर वेदीवर हिरवंगार कुरण, झाडं, दगड, फुलं, पांढऱ्या मेंढ्या ओळीने. वर निळ्या गोलात 99 चांदण्या आणि क्रूस. सकाळचं ऊन असताना जा, त्या हिरव्याला काय म्हणायचं मला अजून सुचलेलं नाही. जवळच क्लास्सेचं पाइनचं जंगल आहे, दान्तेने स्वर्गाच्या दारातलं रान रंगवताना या पाइनमधला वारा आठवला होता. जंगलात जाणार असाल तर डासांचं मलम लावूनच, दलदलीचा मुलूख आहे.

दुपारी समुद्र हवा असेल तर स्टेशनजवळून बसने मारिना दी राव्हेन्ना. वाळू बारीक, पाणी लांबपर्यंत उथळ, लहान मुलांना छान. किनाऱ्याचा मोठा भाग बान्यो म्हणजे खाजगी सोयींकडे असतो, तिथे छत्री आणि खुर्चीचं दिवसाचं भाडं पडतं, फुकट बसायचं तर स्पियाज्जा लीबेरा शोधा. परतीची शेवटची बस उतरल्या उतरल्या बघून ठेवा. समुद्र नको असेल तर थिओडोरिकची समाधी, स्टेशनच्या पलीकडे वीसेक मिनिटं चालत. मोझेक एकही नाही, पण छत दहा मीटरहून रुंद एकाच दगडाचं, समुद्रापलीकडच्या इस्त्रियाहून आणलेलं. कसं चढवलं असेल याचा विचार करत तिथल्या हिरवळीवर निवांत बसता येतं.

आठवण म्हणून काही घ्यायचं असेल तर गावात मोझेकची वर्कशॉप्स आहेत, दारातून आत डोकावलं तरी हाकलत नाहीत. एका ताई लाकडाच्या ओंडक्यात रोवलेल्या छिन्नीवर काच धरून दोन टोकांच्या हातोडीने टिक टिक तोडत होत्या, तीच पद्धत, आणि प्रत्येक तुकडा लावण्याआधी बोटांत फिरवून उजेडात बघत होत्या. आईने त्यांच्याकडून तळहाताएवढा पक्षी घेतला, तो आता देवघराशेजारी आहे आणि दिवा लावला की त्याचा पंख चमकतो.

इथून फ्लॉरेन्सला जाणार असाल तर बोलोन्याहून फास्ट ट्रेन घ्या, आणि तिथे सांता क्रोचे चर्चमध्ये दान्तेचं भलंमोठं थडगं आहे ते जरूर बघा. ते रिकामं आहे.